होम थिएटर घेताना पैसे कुठे घालावेत आणि कुठे राखावेत

"ताई, पंचावन्न इंची घेऊ की पासष्ट?" होम थिएटर लावायचं म्हणून येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. मी त्यांना विचारते, "घरात सगळ्यात कमी ऐकू कोणाला येतं?" उत्तर ठरलेलं असतं. आई, सासरे, आजी. मग मी सांगते की त्यांना सिनेमातलं प्रत्येक वाक्य कळलं पाहिजे, या हिशेबानं खरेदी करू. टीव्हीचे इंच त्यानंतर ठरवू.

इंदूरमध्ये माझ्या बाबांचं रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. सोल्डरिंग आयर्न हातात धरायला मी तिथेच शिकले. आता घरोघरी होम थिएटर बसवून देते आणि हौशी मराठी नाटकांची आवाजाची बाजू सांभाळते. नाटकाच्या तालमीत मी नेहमी शेवटच्या रांगेत जाऊन बसते. तिथे शब्द पोचला नाही तर पुढचं पार्श्वसंगीत कितीही सुंदर असलं तरी उपयोग नाही. घरातल्या हॉललाही मी हाच नियम लावते. चित्र बऱ्यापैकी असेल तर डोळा दहा मिनिटांत सरावतो. शब्द कळत नसेल तर मात्र कान सरावत नाही, माणूस उठून आत निघून जातो.

आधी टेप घ्या, मग पाकीट

दुकानात जायच्या आधी खोली मोजा. लांबी, रुंदी, उंची, दारं-खिडक्या कुठे आहेत आणि सोफ्यापासून भिंत किती लांब आहे, हे कागदावर काढा. इंदूरच्या राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगरातल्या जुन्या घरांत हॉल साधारण बारा बाय सोळाचा असतो. एका बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारं दार, समोर ओटला. अशी लांबट खोली आवाजाला चांगली. दहा बाय दहाची चौकोनी खोली त्रास देते, आणि त्याचं कारण साधं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. दोन भिंतींमध्ये दहा फूट अंतर असलं की ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज त्या भिंतींत अडकून घुमतो. लांबी-रुंदी सारखीच असेल तर दोन्ही दिशांनी तोच सूर घुमतो आणि ढोल वाजला की एकच 'भुम्म' ऐकू येतं. तुमच्या घरात एक चौकोनी आणि एक लांबट खोली असेल तर लांबटच निवडा. चौकोनी खोलीशिवाय पर्याय नसेल तर सोफा भिंतीला चिकटवू नका आणि अगदी मधोमधही ठेवू नका.

आता खोलीच्या मध्ये उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागून 'ट्रर्रर्र' असा पत्रा हलवल्यासारखा आवाज आला तर समजा की समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. आपल्याकडे खाली टाइल्स किंवा कोटा स्टोन, वर पीओपी, बाजूला गुळगुळीत पुट्टी. अशा खोलीत लाखाचे स्पीकर लावले तरी संवाद पुसटच येणार. उपाय स्वस्त आहेत. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडक्यांना चुणीदार जाड पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट. पुस्तकं कमी-जास्त रुंदीची असली की आवाज विखुरतो, म्हणून पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक, जाडे कोश सगळं एकत्र लावलं तरी चालेल. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. खर्जावर त्यांचा काही परिणाम होत नाही आणि आग लागली तर ते झटकन पेट घेतात. अर्ध्या इंचाच्या स्वस्त फोमच्या चौकटींचंही तसंच. त्या फक्त वरचे बारीक सूर खातात, मग खोली बहिरी आणि घुमणारी अशी दोन्ही वाटते.

बाजूच्या भिंतीवर नेमकं कुठे काही लावायचं हे ठरवायला दुसरा माणूस लागतो. तुम्ही आपल्या जागेवर बसा. त्यानं आरसा भिंतीला टेकवून हळूहळू सरकवायचा. ज्या ठिकाणी आरशात तुम्हाला स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज आपटून तुमच्या कानात येतो. तेवढ्या जागी पडदा किंवा जाड कापडाची गादीदार चौकट लावली की पुरे, सगळी भिंत झाकायची गरज नाही.

टीव्ही किती मोठा

याचं गणित सोपं आहे. डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजा. त्याला १.६ ने भागलं की कमीत कमी आकार आणि १.२ ने भागलं की जास्तीत जास्त आकार मिळतो. आठ फुटांवर बसत असाल तर ९६ इंच, म्हणजे ६० ते ८०. बातम्या, मालिका, क्रिकेट जास्त असेल तर खालच्या बाजूला राहा, सिनेमा जास्त असेल तर वर सरका. आठ-साडेआठ फुटांवर बसणाऱ्यांना मी बहुतेक वेळा पासष्टच सुचवते.

उंचीकडे मात्र कोणी बघत नाही. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४० ते ४२ इंचांवर असतात. पडद्याचा मध्य त्याच्या जवळपास हवा. सुतार टीव्ही युनिट करताना खाली शो-केस, वर टीव्ही असा घाट घालतो आणि पडद्याचा मध्य पाच फुटांवर जातो. अडीच तास मान वर करून बसलं की दुसऱ्या दिवशी मान धरते. युनिट करून घेणार असाल तर हे माप सुताराला लिहून द्या. सेंटर स्पीकरला, म्हणजे संवादाच्या मधल्या स्पीकरला, टीव्हीखाली जागा सोडायची हेही त्याच कागदावर लिहा.

पॅनेलबद्दल, म्हणजे पडद्याच्या प्रकाराबद्दल, थोडक्यात. दिवसा पडदे उघडे ठेवून बघणार असाल तर चांगला उजेड देणारा एलईडी घ्या, त्यालाच कंपन्या क्यूएलईडी, मिनी-एलईडी अशी नावं देतात. रात्री अंधार करून बघणार असाल तर ओएलईडीचा काळा रंग खरोखर काळा दिसतो, कारण त्यातला प्रत्येक बिंदू स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. पण त्यावर बातम्यांची पट्टी रोज आठ तास चालणार असेल तर कालांतरानं तिचा डाग राहू शकतो. घरची माणसं कडेला, दिवाणावर, जमिनीवर पसरून बसत असतील तर दुकानात बाजूला उभं राहून बघा. आयपीएस पॅनेलचे रंग कडेनं टिकतात, व्हीए पॅनेलचे फिके पडतात, समोरून मात्र व्हीएचा काळा जास्त गडद दिसतो.

प्रोजेक्टर फक्त त्यांनीच घ्यावा ज्यांच्याकडे पूर्ण अंधार होणारी खोली आहे. शंभर इंची पडदा सव्वासात फूट रुंद असतो. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले पडद्याची रुंदी, १.५ असेल तर भिंग पडद्यापासून जवळजवळ अकरा फूट मागे हवं. आधी ही जागा मोजा. आणि डब्यावर 'फोर-के सपोर्टेड' लिहिलंय म्हणून फसू नका. सपोर्टेड म्हणजे तो सिग्नल घेतो, दाखवतो मात्र आपल्याच मूळ रिझोल्यूशनमध्ये. ते अनेक स्वस्त मशिनींत ७२०पी, म्हणजे फोर-केपेक्षा खूपच कमी, असतं. 'नेटिव्ह रिझोल्यूशन किती' आणि 'एएनएसआय ल्युमेन (ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड) किती' हे दोनच प्रश्न विचारा. दुकानदार दुसऱ्या कुठल्या ल्युमेनचा मोठा आकडा सांगू लागला तर उठा.

आवाज: खरा खर्च इथे

फाइव्ह पॉइंट वनमध्ये समोर डावा, उजवा आणि मधला, मागे दोन, आणि पॉइंटनंतरचा 'वन' म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा सबवूफर. बहुतेक सगळे संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. तरी डब्यातल्या स्वस्त सेटमध्ये हाच सगळ्यात लहान असतो, हाताच्या पंजाएवढा. एवढ्याशा स्पीकरमधून पुरुषाच्या आवाजातला भरीवपणा निघत नाही, आणि तो नसला की शब्द पातळ, किरकिरे ऐकू येतात.

म्हणून माझा सल्ला असा. पैसे कमी असतील तर पाच स्पीकरच्या मागे लागू नका. आधी एक बरा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर, घ्या आणि समोरचे तीन स्पीकर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या, म्हणजे माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेला तर त्याचा आवाज वाटेत बदलत नाही. सहा महिन्यांनी सबवूफर. मागचे दोन दिवाळीला. रिसीव्हर पाच किंवा सात चॅनलचा घेतला असेल तर पुढे काही बदलावं लागत नाही. छतातून आवाज देणारं डॉल्बी ॲटमॉस घरांसाठी २०१४ पासून मिळतंय. मजा त्यातही आहे. पण खालचे पाच नीट बसल्याशिवाय वरच्या दोनांचा विचारही करू नका.

साउंडबार घ्यावा का? भाड्याचं घर असेल, वायरी ओढता येत नसतील, आईवडिलांना एकच रिमोट हवा असेल, तर जरूर घ्या. फक्त त्यात वेगळा सेंटर चॅनल आहे ना ते बघा. म्हणजे थ्री पॉइंट वन किंवा त्यावरचा. टू पॉइंट वनचा बार टीव्हीपेक्षा मोठा वाजतो, संवादाला मात्र फारसा हातभार लावत नाही. आणखी एक, साउंडबार बिघडला की सगळाच बदलावा लागतो. सुटे स्पीकर नीट वापरले तर वीस वर्षं चालतात.

आता वॉटचा घोळ. डब्यावरच्या पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या, आकड्याला काही अर्थ नाही, तो वाचूच नका. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, बघा, आणि त्याच्यापुढची बारीक अक्षरंही वाचा. 'एक चॅनल, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन' अशा अटीवर शंभर वॉट लिहिलेला रिसीव्हर, 'दोन चॅनल, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के' या अटीवर सत्तर वॉट लिहिलेल्यापेक्षा दुबळा असू शकतो. दहा टक्के डिस्टॉर्शन म्हणजे आवाज फाटलेलाच.

त्याहून महत्त्वाचा आकडा स्पीकरच्या मागे असतो, सेन्सिटिव्हिटी. ८७ डेसिबल म्हणजे एका वॉटला एका मीटरवर एवढा आवाज. तीन मीटरवर बसलात तरी खोलीत ८० च्या आसपास पोचतो, आणि आपलं साधं बोलणं साठ-पासष्टचं असतं. म्हणजे बहुतेक वेळ तुमचा रिसीव्हर एक-दोन वॉटच देत असतो, बाकीची ताकद अचानकच्या धमाक्यांसाठी राखीव. दर तीन डेसिबलला दुप्पट वॉट लागतात. त्यामुळे ९० डेसिबलचा स्पीकर पन्नास वॉटमध्ये जे करतो त्यासाठी ८४ वाल्याला दोनशे लागतील. बारा बाय सोळाच्या हॉलला ८७-८८ च्या वरचे, ६ किंवा ८ ओहमचे (ओहम म्हणजे वीज अडवण्याचं माप) स्पीकर घ्या. ४ ओहमचे स्पीकर साध्या रिसीव्हरला जड जातात, तो तापतो आणि मध्येच बंद पडतो.

सबवूफर घेताना दणदणाटावर जाऊ नका. अनंत चतुर्दशीला झाँक्यांच्या, म्हणजे रोषणाईच्या चित्ररथांच्या, मिरवणुकीतले भोंगे आणि डीजे ऐकून आपल्या शहरातल्या पोरांना वाटतं की छाती थरथरली म्हणजे खर्ज चांगला. घरातला चांगला खर्ज वेगळा असतो. तबल्याचा डग्गा घुमतो आणि लगेच थांबतो, पुढच्या शब्दावर पसरत नाही. आपल्या हॉलला दहा इंची पुरतो. छोट्या बेडरूमला आठ इंचीच बरा, तिथे बारा इंची आणला की नाकापेक्षा मोती जड.

सब कुठे ठेवायचा हे शोधायची पद्धत ऐकून लोक हसतात, पण करून बघतात आणि मग विश्वास बसतो. सब उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. खर्जाचं एखादं गाणं लावा. आता भिंतीच्या कडेकडेनं रांगत फिरा, कान सबच्याच उंचीवर हवा. एका कोपऱ्यात नुसता घुमारा येईल, दुसरीकडे खर्ज गायबच होईल. जिथे प्रत्येक ठोका सुटा आणि सारखा ऐकू येईल तिथे खडूनं खूण करा आणि सब तिथे नेऊन ठेवा. सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला कळत नाही, म्हणून सब टीव्हीजवळच हवा असं काही नाही.

जुनं घ्यायचं असेल तर

स्पीकर जुने घ्यायला माझी अजिबात हरकत नाही. जाळी काढा आणि कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूच्या, कडेचं वेटोळं बोटानं दाबून बघा. रबरी असेल तर वर्षानुवर्षं टिकतं. फोमचं असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचा भुगा होतो, बोटाला काळी चिकट पूड लागते. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून अगदी हळू, सारख्या जोरानं आत दाबा. आतून वाळू घासल्यासारखं 'खर्र' आलं तर कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, घासतेय, तो स्पीकर सोडून द्या. काहीच आवाज न करता मऊपणे आत गेला आणि परत आला तर स्पीकर धडधाकट आहे.

जुना रिसीव्हरही चालतो, त्याला फोर-के येत नसलं तरी. सेट-टॉप बॉक्स, प्लेयर सगळं टीव्हीला लावा आणि टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरीनं रिसीव्हरकडे न्या. ऑप्टिकलमधून साधं डॉल्बी डिजिटल फाइव्ह पॉइंट वन जातं, ॲटमॉस जात नाही. एवढीच मर्यादा.

नव्यात एचडीएमआयचं 'एआरसी' लिहिलेलं, टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे नेणारं भोक टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे आहे का ते बघा. ओटीटीवरचं ॲटमॉस साध्या एआरसीतूनही येऊ शकतं, कारण तिथे ते आक्रसून पाठवलेलं असतं. ब्लू-रे डिस्कचा काहीही न गाळता साठवलेला आवाज टीव्हीमार्फत न्यायचा असेल तरच ईएआरसी, म्हणजे एआरसीचा वाढीव प्रकार, लागतं. आणि डिस्क प्लेयर सरळ रिसीव्हरलाच लावला तर तेही नको. फोर-के बघायला इंटरनेट किती हवं असं विचारतात, तर नेटफ्लिक्स स्वतः १५ एमबीपीएस सांगतं. शंभर एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये अडचण येऊ नये. आली तर दोष बहुधा वाय-फायचा असतो, टीव्हीला लॅनची, म्हणजे राउटरमधून येणारी इंटरनेटची, वायर लावा.

वायर, पाइप, वीज

स्पीकरची वायर तांब्याचीच घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास विकतात. ओळखायला चाकू पुरतो. एक तार खरवडा. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. वरून पांढरी आणि आतून लाल निघाली तर कल्हई केलेलं तांबं, ते बिनधास्त घ्या. तीस-पस्तीस फुटांपर्यंत दीड स्क्वेअर एमएम पुरते, त्यापुढे अडीच. हजारो रुपये फुटाच्या वायरींत पैसे घालू नका, ते सेंटर स्पीकरमध्ये घाला.

घराचं काम चालू असेल तर वायरमनला सांगून भिंतीत पाइप टाकून घ्या. विजेच्या वायरीच्या पाइपात स्पीकरची वायर घालायची नाही, वेगळा पाइप. एचडीएमआयसाठी पाऊण इंची पाइप टाकतात आणि मग पिन आतून जातच नाही. सव्वा किंवा दीड इंची टाका, वळणं मोठी ठेवा आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पंधरा-सोळा फुटांपुढे साधी एचडीएमआय फोर-केला दगा देते, तिथे ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय घ्या. तिची दिशा ठरलेली असते, एक टोक टीव्हीकडचंच. भिंतीत ओढण्यापूर्वी जमिनीवर जोडून तपासा.

भिंतीतून आलेल्या दोन वायरींत अधिक कुठली आणि उणे कुठली हे वायरमनलाही आठवत नसेल तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. वायर रिसीव्हरपासून सोडवलेली हवी. स्पीकरची जाळी काढा, एकाला कोनकडे बघत उभं करा आणि सेल वायरीच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. 'टक्' होऊन कोन पुढे आला तर सेलच्या अधिक बाजूला टेकलेली वायर लाल टर्मिनलची. आत गेला तर उलट. एकच स्पीकर उलटा जोडलेला असेल तर खर्ज जातो आणि मधला आवाज हवेत विरघळतो. कानानं पटवायचं असेल तर फक्त डावा-उजवा चालू ठेवून लता मंगेशकरांचं पन्नासच्या दशकातलं एखादं गाणं लावा. त्या इंदूरच्याच, १९२९ चा जन्म. तेव्हाचं ध्वनिमुद्रण मोनो, दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येतो. जोडणी बरोबर असेल तर गळा नेमका दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेतून ऐकू येतो. उलट असेल तर तो कुठे आहे हेच सांगता येत नाही.

विजेचं बोलायचं तर अर्थिंग आधी तपासून घ्या. मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त आले तर वायरमनला बोलवा. स्पीकरमधून सतत 'हंऽऽ' येत असेल तर केबल टीव्हीची वायर काढून बघा, बऱ्याचदा तीच कारण असते. ती घुरघुर घालवायला कोणी प्लगची तिसरी पिन कापायला सांगेल. कधीही कापू नका, त्यात जिवाला धोका आहे. माळव्यातल्या पहिल्या पावसात विजा कडाडतात तेव्हा प्लग तर काढाच, डिशची आणि लॅनची वायरही काढा. वीज त्यांच्यातूनही येते.

रिसीव्हरला मोकळी हवा द्या. मे महिन्यात बाहेर चाळिशी ओलांडलेली असताना काचेच्या बंद कपाटात तो भाजून निघतो. वर निदान पाच-सहा इंच जागा आणि मागची फळी कापलेली हवी. त्याच्या डोक्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका.

दुकानात

महाराणी रोड, जेल रोड किंवा मॉलमधलं शोरूम, कुठेही जा, पण स्वतःच्या ओळखीचा आवाज बरोबर न्या. दुकानदाराच्या डेमोत हेलिकॉप्टर फिरतं आणि काच फुटते, त्यात सगळेच स्पीकर छान वाटतात. तुम्ही चार माणसं एकाच वेळी बोलताहेत असा एखादा मराठी प्रसंग लावायला सांगा. आवाज हळूहळू कमी करत जा. ज्या जोडीत सगळ्यात कमी आवाजावरही प्रत्येक शब्द कळतो ती तुमची. दोन जोड्या ताडून बघताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, कारण जरा मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी चांगलाच वाटतो.

पैशांची वाटणी मी अशी करते: शंभरातले चाळीस टीव्हीला, पंचेचाळीस रिसीव्हर आणि स्पीकरना, पंधरा पडदे, गालिचा, वायरी आणि विजेच्या कामाला. शेवटचे पंधरा सगळे कापू बघतात. मी कापू देत नाही. किंमत विचारताना हेही ध्यानात ठेवा की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवर आणि प्रोजेक्टरवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागतो. त्याच्या आधीची कोटेशन हातात घेऊन घासाघीस करू नका, आणि बिलावरचा कराचा आकडा वाचल्याशिवाय बाहेर पडू नका.

बसवल्यावर

समोरचे डावा-उजवा तुमच्या तोंडाकडे थोडे वळवा. ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचे छोटे स्पीकर, कानाच्या उंचीवर हवेत. सेंटर टीव्हीखाली असेल तर त्याच्या पुढच्या कडेखाली रबराचा तुकडा सरकवून तोंड वर करा, आणि त्याला फळीच्या काठापर्यंत पुढे आणा. आत ढकलला तर फळीच त्याचा आवाज आपटून पुसट करते. मागचे दोन बाजूला, किंचित मागे, कानाच्या फूट-दीड फूट वर.

रिसीव्हरबरोबर खोलीतला आवाज मोजायला एक छोटा माइक येतो. यामाहाचं वायपाओ, डेनॉनचं ऑडिसी अशी त्या मोजणीची नावं आहेत. माइक हातात धरू नका. मोबाइलच्या स्टँडवर, बसल्यावर कान येतो त्या उंचीवर ठेवा. पंखा, एसी, फ्रिज बंद, कुकरची शिट्टी होऊन गेलेली. मोजणी झाली की मेनूत जाऊन सगळे स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ आहे का बघा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबकडे जातो. नसेल तर हातानं करा. मग सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा, हे मी प्रत्येक घरी करते. अनेक जुने मराठी सिनेमे दोनच चॅनलमध्ये असतात. त्यांच्यासाठी रिसीव्हरवर 'डॉल्बी सराउंड' किंवा 'प्रो लॉजिक' निवडलं की बोलणं ओढून सेंटरमध्ये येतं.

रात्री भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतील तर 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' शोधा. त्यानं धमाके दबतात आणि कुजबुज वर येते, म्हणजे सारखा रिमोट हातात धरावा लागत नाही. तरीही सबचा खर्ज भिंतीतून जातोच, म्हणून दहानंतर सबची पातळी पाच-सहा डेसिबल खाली आणा आणि त्याच्याखाली जाड रबराची चटई टाका. सगळं मनासारखं झालं की मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पोरांच्या हातून रिसेट झालं तर पाच मिनिटांत सगळे आकडे परत भरता येतात.